सोमवार पिवळा, शनिवार काळा

मंगळवार, दि. १४

चि. मुंगीस,

पत्रात आधी खुशाली लिहितात, म्हणून लिहिते. मी जिवंत आहे. गुडघे कुरकुरतात. शेजारणीने कोंबड्या पाळल्यात, त्या माझ्या दारात घाण करून जातात आणि ती वर मलाच सुनावते, "घाण काय म्हणता, खत आहे ते!" तुझ्या बापाची खुशाली तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, एका घरात राहता. झाली खुशाली.

परवा रविवारी तुझं प्रदर्शन बघायला शहरात आले आणि तुला न सांगता निघून गेले. तुझ्या बापाचा, दादाचा फोन आला होता. मुंगी रडली म्हणे. रडण्यासारखं काय झालं? सहाची बस होती. ती चुकली असती तर मी काय तुमच्या त्या गुळगुळीत फरशीवर पथारी टाकली असती? दादाला हेच सांगितलं, तुलाही हेच सांगते.

तू विचारलं होतंस, "आत्या, बघून खरं खरं सांग हं." चौथी शिकलेल्या बाईचं मत घेऊन तू काय करणार ते तुझं तुला माहीत. पण विचारलंस तर ऐक.

पहिली शिसारी आली ती तिथल्या माणसांची. सगळी कुजबुजत होती, आतल्या खोलीत कुणी शेवटच्या घटका मोजतंय अशी. एक केसांची शेपटी बांधलेला बाप्या प्रत्येक चित्रासमोर मान वाकडी करून उभा राहायचा आणि बायकोला सांगायचा, "बघ, या फांद्या कुणी काढल्या नाहीत, पाण्याने काढल्या. निसर्गासारखा चित्रकार नाही!" बायको म्हणाली, "मग आपल्या हॉलसाठी निसर्गाकडूनच घेऊ की, इथे कशाला?" ती एकटी बाई मला बरी वाटली.

आणि ती उंच टाचांची! लाल चित्राला नाक लावून उभी. डोळे मिटून म्हणते कशी, "आहाहा, मातीचा वास!" हातातलं सरबत मी तिथल्या कुंडीत ओतलं आणि बाहेर नळावर जाऊन चूळ भरली. वास मलाही आला होता. दारातच आला होता. पण तो काही... जाऊ दे.

दुसरी गोष्ट. दारापाशी भिंतीवर तू जे लिहून लावलं आहेस, ते मी अक्षर लावून लावून वाचलं. मागे चार माणसं खोळंबली तरी हलले नाही. "नदीचा दिवस" असं वर मोठं. खाली बारीक अक्षरात, ही नदी सहा दिवसांत एक दिवस जगते, पहिल्या दिवशी पहाटेचा पिवळा, मग उन्हाचा नारिंगी, असं करत करत सहाव्या दिवशी रात्र. सातव्या दिवशी नदी मौन घेते, म्हणून सातवं चित्र कोरं. हे वाचून मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं.

पण त्याच्या खालचं वाचलं आणि हसू विझलं. "डोंगरातली खनिजं पाण्याबरोबर उतरतात आणि काठावर नक्षी काढतात, हे मला माझ्या आत्याने सांगितलं. तिचं सारं आयुष्य या नदीकाठी गेलं." मला कशाला गं त्यात ओढलंस? विचारलं होतंस मला? एखाद्या दुकानाच्या पाटीवर आपलं तोंड रंगवलेलं दिसावं तसं झालं.

तिसरी गोष्ट, तुझे हात. चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मी विचारलं तर म्हणालीस, "थंडीने फुटलीत." कसली थंडी? पंखे गरगरत होते तिथे.

आता मी सांगते ते ऐक आणि फाटे फोडू नकोस. चित्रांसाठी तो नदीचा गाळ हाताने कालवणं बंद कर. कागद काठावर अंथरून लाटणं फिरवतेस, त्या वेळी गुडघे टेकून बसतेस, तेही बंद. पापुद्रे खरवडून आणतेस, खलात कुटतेस, डिंक घालून रंग करतेस, आणि मग त्या रंगातला ब्रश टोक यावं म्हणून तोंडात घालतेस. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, माझ्याच ओट्याशी बसून. चॉकलेट चाखावं तसा चाखतेस. थूः! माझं लाटणं तू धुऊन परत ठेवलं होतंस. ते मी दुसऱ्याच दिवशी फेकलं आणि नवं आणलं. तुला वाटलं, आत्या सोवळी झाली.

बाजारात रंगाच्या नळ्या मिळतात. त्या आण आणि नदी लांबून बघून काढ. कारण विचारू नकोस. मोठ्यांचं एखाद वेळी न विचारता ऐकलं तर मुकुट खाली पडत नाही.

तुझी
आत्या


रविवार, दि. २६

मुंगी,

या वेळी खुशाली नाही.

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. "आत्या, तुला सगळ्यातच घाण दिसते" हे तुझं वाक्य मला पाठ झालंय, भांडी घासताना म्हणते. हुकूम सोडू नकोस, कारण सांग, असंही लिहिलंस. आणि शेवटच्या पानावर आनंदाची बातमी. आठ तारखेच्या शनिवारी तू बावीस माणसं घेऊन नदीवर येणार. अनवाणी शिबिर. काठावरच्या गाळात पाय बुडवून उभं राहायचं, ओंजळीत गाळ घेऊन अंगाला लावून बघायचा, मग कागदावर ज्याचा त्याने ठसा घ्यायचा. आणि मी त्यांना चार शब्द सांगायचे. "नदीचं मन जाणणारी बाई" अशी तू माझी ओळख करून देणार.

सगळे वार सोडून शनिवार निवडलास.

फोन करायला उचलला होता. पण फोनवर मी फार सराईतपणे खोटं बोलते. लिहायला मला इतका वेळ लागतो की खोटं लिहायचा कंटाळा येतो. म्हणून बसले आहे कागद घेऊन. शेजारीण दोनदा डोकावून गेली, "कुणाला एवढं?" म्हणून. म्हटलं, "तुझ्या कोंबड्यांची तक्रार लिहितेय." गेली.

मी कारखान्यात कापडाच्या घड्या घालते असं तुला आणि दादाला वाटतं. घालत होते. अकरा वर्षांपूर्वी मला घडीवरून उठवलं. मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही कमी बोलता, तुम्हाला विश्वासाचं काम देतो." मी! कमी बोलते! तेव्हाच कळायला हवं होतं की काम काय असणार.

आमच्या कारखान्यात सूत रंगवतात, हे तरी तुला माहीत आहे. रंगवून झालं की हौदातलं धुवण बाहेर जातं. फाटकावर हिरव्या पानाचं चित्र असलेली पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय की पाणी तीन टाक्यांत साफ करून सोडलं जातं. टाक्या आहेत. तपासणीवाले येणार असले की दोन दिवस आधी त्यांची मोटर चालू करतात, एरवी त्यांत बेडूक असतात. हौदांच्या मागे दोन चाकं आहेत, बसच्या स्टिअरिंगएवढी. एक सरळ फिरतं, त्याने पाणी टाक्यांकडे जातं. दुसरं उलटं फिरतं. त्याने पाणी जमिनीखालच्या नळातून जातं आणि माझ्या घरामागे, वळणावरच्या त्या मोठ्या दगडांखाली नदीत निघतं. जिथे तू चटई टाकून बसतेस. दुपारी जेवणाचा भोंगा झाला, सगळे डबे उघडून बसले, की उलटं चाक फिरवायचं. साडेपाच फेरे. कारखान्यात मला हाक मारायची झाली तर "उलट्या चाकावरची" म्हणतात.

आता तुझे सहा दिवस.

रंगखान्यात हौद रोज घासत बसत नाहीत. फिक्यापासून सुरू करायचं आणि गडदाकडे जायचं, म्हणजे कालचा रंग आजच्या रंगात खपून जातो. सोमवारी पिवळा. मंगळवारी नारिंगी. बुधवारी लाल, गुरुवारी हिरवा, शुक्रवारी निळा, शनिवारी काळा. शनिवारी काळं काढून झालं की जळजळीत पावडर टाकून सगळे हौद खरवडतात, आणि ते सगळंच्या सगळं खाली सोडतात. तुझी पहाट म्हणजे आमचा सोमवार. तुझी रात्र म्हणजे शनिवारचं खरवडण. आणि सातव्या दिवशी नदी मौनबिन घेत नाही गं बाई, रविवारी आम्हाला सुट्टी असते.

त्या शनिवारच्या पाण्यात तू बावीस माणसं अनवाणी उतरवणार आहेस.

मी प्रदर्शनातून का पळाले, तेही ऐक. बस साडेसातलाही होती. मी कोऱ्या चित्रापाशी उभी होते आणि दारातून आमचा मालक आला. तू धावत पुढे गेलीस, त्याला एकेक चित्र समजावून सांगायला लागलीस. मी खांबाआड झाले. काळ्या चित्रासमोर तो बराच वेळ उभा राहिला. तू सांगत होतीस, "इथे बघा, कडेला हे जे जाळं झालंय ना, ते गाळ वाळताना आपोआप होतं." तो म्हणाला, "आपोआप? वा!" आणि वळताना त्याने मला पाहिलं. ओळखलं. दटावलं असतं तर बरं वाटलं असतं. तो ओळखीचं हसला गं, आपण दोघं एकाच घरचे असल्यासारखा. तिथून मी निघाले ती थेट बसमध्ये.

काळं चित्र त्याने घेतलं, हे तू दादाला नाचत सांगितलंस. ते कुठे लागलंय माहीत आहे? कचेरीच्या दारात, पाणी साफ ठेवल्याबद्दल मिळालेल्या मानपत्राच्या बरोबर खाली. गेल्या सोमवारी कामावर गेले तर मुकादम दारातच उभा. "या बाई, तुमचा शनिवार टांगलाय आत. जा, डोळे भरून बघून घ्या." हौदावरची सगळी माणसं फिदीफिदी हसायला लागली. एक म्हणाला, "आता सोमवार माझ्या घरी लावा, बायकोला पिवळा आवडतो." दुसरा म्हणाला, "भाची केवढी शिकली हो तुमची, घाणीला चौकट करायला!"

मीही हसले.

तुझ्यावर. त्यांच्यात उभी राहून, तोंडावर हात ठेवून, पोट धरून. घरी येऊन स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघवलं नाही. तुमच्या त्या उंच टाचांच्या बाईची मला किळस आली होती, पण ती बिचारी न कळून नाक लावत होती. मला सगळं कळत होतं.

आणि चित्रं वाईट असती तर एवढं झोंबलं नसतं. निळ्यातलं ते, पापुद्रे वाळून वर वळलेत आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळा निळा आहे, ते मी परत जाऊन तीनदा पाहिलं. ती जागा माझ्या मोरीच्या खिडकीतून दिसते. अकरा वर्षं रोज बघतेय आणि मला तिथे कधी काही दिसलं नाही. मी नाक दाबून खिडकी लावून घेते. तू लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हाही अशीच खाली मान घालून चालायचीस, सगळं जमिनीवर शोधायचीस, म्हणून तर मुंगी म्हणायला लागलो. तेव्हा ती नदी मातकट होती आणि तुला तिच्यातही नक्षी दिसायची. डोळा तुझाच आहे, तो काही आमच्या हौदातून आलेला नाही. हे एवढं नीट वाच, कारण पुढचं वाचून तू हे विसरशील.

तुझे हात. आम्ही त्याला बोटं उलणं म्हणतो. आधी बोटांच्या बेचक्यात कातडी फाटते, लोक म्हणतात थंडीने, साबणाने. मग नखं सैल होतात. काळ्या हौदावर एक म्हातारा आहे, सगळे त्याला काका म्हणतात. त्याच्या बोटांवरच्या रेषा गेल्या. साफ गुळगुळीत झाली बोटं, लोण्याची केल्यासारखी. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र त्याला ओळखतच नाही. तो म्हणतो, "यंत्राच्या हिशेबी मी कधीच मेलोय, मला आता कामाला कशाला लावता?" आणि हसतो. तुला पाण्याच्या रेषा कागदावर घ्यायच्या होत्या ना, मुंगी? ते पाणी आपल्या रेषा घेऊन जातं. तू तर ते तोंडात घेतेस. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा आणि सूत रंगवायच्या रंगाचं पाणी आहे असं स्पष्ट सांग. लाजू नकोस, माती म्हणू नकोस.

आता राहिलं ते राहिलं. इथपर्यंत यायला मला सकाळपासून दुपारचे चार वाजले.

तीन वर्षांपूर्वी तू परीक्षा सोडून माझ्याकडे आलीस. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. नवव्या दिवशी उठून मागे नदीवर गेलीस आणि धावत परत आलीस. बुधवार होता. हात कोपरापर्यंत लाल. मला वाटलं कापलंस कुठेतरी, माझ्या हातातलं पातेलं पडलं. तू हसत होतीस. आठ दिवसांनी हसत होतीस. म्हणालीस, "आत्या, हे रंग येतात कुठून?"

मी म्हटलं, "डोंगरातली माती असते तशी. खनिज असतं."

खनिज हा शब्द मला कुठून सुचला देव जाणे. तपासणीवाल्यांना मुकादम तोच सांगायचा, तो कानावर पडलेला. असा सहज निघाला, जसा काही मी रोज वापरते. तुझं हसू जाऊ नये म्हणून बोलले, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटंच. खरं सांगितलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास. तुझी खोडच आहे ती. तू विचारलं असतंस, "पण आत्या, सोडतं कोण?"

आणि ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

त्या एका शब्दावर तू सहा चित्रं उभी केलीस, माणसं बोलावलीस, भिंतीवर माझ्या नावाने छापलंस. तुला आता फसल्यासारखं वाटेल, हसं झाल्यासारखं वाटेल. वाटू दे. माझ्यावर थुंक, पण शिबिर रद्द कर. तू नाही केलंस तर मी शनिवारी काठावर येऊन उभी राहीन आणि त्या बावीस माणसांना हेच सगळं तोंडाने सांगेन, नदीचं मन जाणणारी म्हणून.

त्याआधी तू एकटी ये. पाच तारखेला, बुधवारी. मागच्या फाटकाने ये. पायात बूट घाल. भोंगा झाला की मी चाकापाशी असेन. ते शेवटचं फिरवणं असेल माझं, ते तुझ्यासमोर व्हायला हवं. तुझा फोटोचा कॅमेरा आण. माझा हात घे त्यात, तोंडही घे. पाटी घे, चाक घे, मग पळत वळणावर जा आणि दगडांखालून लाल येतं ते घे. तू शिकलेली आहेस. ते कुणाला दाखवायचं, कुठे द्यायचं, ते तुला कळेल. हे पत्रही दे. अक्षर माझं आहे हे कबूल करायला मी जिथे बोलावतील तिथे येईन.

माझं काय होईल याचा विचार करू नकोस. आत्याला सांभाळायला म्हणून गप्प बसलीस, तर मात्र मी तुझं तोंड बघणार नाही.

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. तीन वर्षं राहून गेलेला तुझा प्रश्न तेवढा सोडवते आणि थांबते.

सोडते मी.

तुझी आत्या